तीच ही सायकल? जुन्या फ्रेमची ओळख आणि डागडुजी

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाला सायकलवर बोलायला बोलावलंत. संयोजकांना दुसरा वक्ता मिळाला नसावा. विषय मात्र या मुलखाला परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात दुकान काढलं ते सायकलींचंच. नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी नंतरची.

आमच्यापुढे आलेली फ्रेम साताऱ्यातल्या एका मित्राच्या माळ्यावरची. वर हिरवा ऑइल पेंट फासलेला, पुढच्या नळीवरची कंपनीची पट्टी गायब, चाकं नाहीत. पण चेनचं मोठं चक्र जागेवर होतं आणि त्यात बगळ्याची डोकी कातलेली. बगळा म्हणजे नॉटिंगहॅमची रॅले. घरात पिढ्यान् पिढ्या सांगणं असं, की आजोबा १९४३ साली प्रतिसरकारचे निरोप घेऊन याच सायकलवरून कऱ्हाडाहून कुंडलकडे जात. आता ती गावच्या शाळेला द्यायची होती, खाली पितळी पाटी लावून : ‘रॅले, १९४३’. पाटी करायला टाकण्यापूर्वी आम्ही एकदा नजर टाकावी, एवढंच काम.

आपल्या दर्शनांत प्रत्यभिज्ञा नावाचं एक ज्ञान सांगितलंय. ‘तोच हा देवदत्त’ हे त्याचं ठरलेलं उदाहरण. पूर्वी पाहिलेला आणि आज समोर उभा असलेला माणूस एकच आहे, ही ओळख. मित्राच्या आई नव्वदीच्या आहेत. त्या फ्रेमवर हात ठेवून म्हणाल्या, “तीच ही मामंजींची सायकल.” आता ही ओळख कशावर उभी होती? बगळ्यावर. आणि कॉटर पिन हातोडीने ठोकून काढली की क्रँक सुटतो, क्रँकबरोबर चक्र निघून येतं. दहा मिनिटांचं काम.

म्हणून पहिली गोष्ट ही, की जे सुटतं त्याची साक्ष कच्ची धरायची. सीट, हँडल, ब्रेक, अगदी पुढचा चिमटासुद्धा. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असला तर त्यावर बहुधा सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात. पण ते साल हबचं, फ्रेमचं नव्हे. फ्रेमबद्दल बोलायचा अधिकार तिला पितळेने झाळलेल्या भागांचा : नळ्या जिथे जुळतात ते लग, मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल बसतो त्या खाचा, सीटखाली ठोकलेला नंबर. आणि आटे.

आट्यांसाठी आम्ही फ्रेम एसटीत घालून सांगलीला आणली. कंडक्टरने तिचं अर्धं तिकीट लावलं, तेही रास्तच. इथल्या एका जुन्या मिस्त्रींनी रॉकेल टाकून दोन दिवस ती तशीच ठेवली, मग पायडलखालचे कप काढले. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो; हे ठाऊक नसलेल्या माणसाने किती फ्रेमी नासवल्या असतील! मग लेथवाल्याकडची कंगव्यासारखी पट्टी लावून आटे मोजले. नॉटिंगहॅमच्या रॅलेला इंचाला २६ आटे. बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स यांना २४. आमचे भरले २४. मिस्त्री म्हणाले, “सर, बगळा पाहुणा आहे.”

पण २४ वरून ‘कोण नाही’ हे कळलं, ‘कोण’ हे नाही. त्यासाठी रंगाखाली जायला हवं होतं. इथे आमचं जुनं पाप सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी आमचीच एक फ्रेम आम्ही एका पेंटरकडे टाकली. त्याने तेजाबाने धुऊन, घासून, आरशासारखी करून दिली. नंबर गेला, अक्षरं गेली, आणि पैसे वर दिले. तेव्हापासून आम्ही रंग उतरवत नाही, खिडकी पाडतो. बारीक पॉलिश पेपर रॉकेलमध्ये भिजवायचा आणि अंगठ्याएवढ्या जागेवर एकेक थर उतरवत जायचा. घाई केली की अक्षरंही थराबरोबर जातात. सीटच्या नळीवर हिरव्याखाली काळा निघाला, काळ्यावर सोनेरी अक्षरं. सायकलचं नाव पुसलेलं. खाली इंग्रजीतल्या ‘मद्रास’ची शेवटची चार अक्षरं शाबूत.

मद्रासला टीआय सायकल्स निघाली १९४९ साली. हर्क्युलिस आणि फिलिप्स तिथे बनू लागल्या त्या त्यानंतर. तेव्हा ही फ्रेम १९४३ साली कुंडलच्या वाटेवर असणं शक्यच नव्हतं. आजोबा होते की नव्हते, याबद्दल आटे काही बोलत नाहीत. चक्र आधीच्या सायकलवरून आलेलं असेलही. तसं असलं तर घरातली हकीगत खोटी नाही, तिची सायकल तेवढी दुसरी.

हे त्या माउलींना सांगायचं कुणी? मित्राने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सांगितलं, जरा लांबण लावूनच सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, “मग जुनी कुठं गेली?”

डागडुजीचं थोडक्यात सांगतो. फ्रेम वाकडी आहे का, ते दोऱ्याने पाहिलं : पुढच्या नळीपासून दोरा मागच्या दोन्ही खाचांना वळसा घालून परत आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. सारखं भरलं. बॉटममध्ये पाव इंची छर्रे, दर बाजूला अकरा, नवे घातले. गंज ब्रशने काढून तेलाचा हात दिला. हिरवा रंग तसाच ठेवलाय, खिडकीवर पारदर्शक लॅकर मारलंय. बगळ्याचं चक्र परत बसवलं. ते काढायला त्या तयार नव्हत्या, आणि आम्हीही.

पाटी अजून कोरीच आहे. मित्राचा मजकूर तीनदा बदलला. काल त्याने पाठवलेल्यात ‘आजोबांची सायकल’ एवढेच शब्द आहेत, साल नाही. त्यावर आमचा त्याच्याशी वाद चालू आहे : आमच्या मते ‘१९४९ नंतरची, मद्रास’ हेही लिहायला हवं, शाळेतली पोरं वाचणार आहेत ती. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.