लटान्या स्वीनी

लटान्या स्वीनी या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञान धोरणाच्या अभ्यासक आहेत. नावे वगळून प्रसिद्ध केलेल्या माहितीवरूनही व्यक्तीची ओळख पटवता येते, हे दाखवून देणाऱ्या संशोधनासाठी त्या ओळखल्या जातात. त्या हार्वर्ड विद्यापीठात शासन व तंत्रज्ञान या विषयाच्या प्राध्यापक आहेत.

शिक्षण व कारकीर्द

स्वीनी यांचा जन्म टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. २००१ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून (एमआयटी) डॉक्टरेट मिळवली. या संस्थेतून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात अध्यापन करताना त्यांनी 'डेटा प्रायव्हसी लॅब' ही प्रयोगशाळा स्थापन केली.

वेल्ड प्रकरण

१९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील राज्य कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विमा आयोगाने रुग्णालयीन नोंदी संशोधनासाठी उपलब्ध केल्या. त्यांतून नावे व पत्ते काढले होते. जन्मतारीख, लिंग आणि टपाल संकेतांक मात्र तसेच होते. स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेऊन ती या नोंदींशी ताडून पाहिली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहा मतदार यादीत होते. त्यांपैकी तीन पुरुष होते आणि वेल्ड यांच्या टपाल संकेतांकात एकच जण राहत होता. अशा रीतीने गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी हाती लागल्या.

या तीन बाबींच्या संयोगाने अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेव ठरण्याची शक्यता आहे, असा अंदाज त्यांनी १९९० च्या जनगणनेच्या आधारे २००० मध्ये मांडला. फिलिप गोल यांच्या २००६ मधील अभ्यासात हे प्रमाण सुमारे ६३ टक्के आढळले.

के-अनामिकता

या धोक्यावर उपाय म्हणून स्वीनी आणि पिएरांजेला सामाराती यांनी १९९८ मध्ये 'के-अनामिकता' ही संकल्पना मांडली. तिच्यानुसार, ओळख पटवू शकणाऱ्या रकान्यांपुरती प्रत्येक नोंद किमान 'के' नोंदींच्या गटात एकसारखी असावी लागते. त्यासाठी, उदाहरणार्थ, पूर्ण जन्मतारखेऐवजी केवळ जन्मवर्ष ठेवले जाते. तपशील जितका कमी करावा तितकी माहितीची संशोधनातील उपयुक्तता घटते. शिवाय गटातील सर्वांचा आजार एकच असल्यास, नोंद नेमकी कोणाची हे न कळताही आजार उघड होतो. ही उणीव दूर करण्यासाठी अन्य संशोधकांनी २००६ मध्ये 'एल-विविधता' हा निकष सुचवला.

धोरणविषयक कार्य

कृष्णवर्णीयांमध्ये अधिक आढळणारी नावे गूगलवर शोधल्यास अटकेच्या नोंदी सुचवणाऱ्या जाहिराती तुलनेने अधिक दिसतात, असे स्वीनी यांच्या २०१३ मधील अभ्यासात आढळले. संगणकीय प्रणालींतील वांशिक भेदभावाच्या चर्चेत या अभ्यासाचा वारंवार उल्लेख होतो. २०१४ मध्ये त्यांनी ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी संस्थेत मुख्य तंत्रज्ञ म्हणून काम केले. 'टेक्नॉलॉजी सायन्स' या संशोधनपत्रिकेच्या त्या संस्थापक संपादक आहेत.