टर्कीची तंगडी आणि परसातला धूर

कॅन्सस सिटी (मिसूरी), ऑक्टोबर

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या श्रमिक दिनाच्या सुट्टीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दर शनिवारी आणि रविवारी, या शहराच्या पश्चिमेस, राज्याची हद्द ओलांडून कॅन्ससमध्ये शिरल्यावर लागणाऱ्या बॉनर स्प्रिंग्ज या गावी सोळाव्या शतकातील एक इंग्रजी खेडे उभे राहते. 1977 सालापासून चालत आलेल्या या जत्रेत मखमली झगे ल्यालेल्या राण्या, पत्र्याची चिलखते चढविलेले सरदार आणि तिकीट काढून आत आलेली, अर्ध्या चड्डीतील सामान्य प्रजा ही सर्व मंडळी दर्जाने भिन्न असली तरी एका बाबतीत त्यांच्यात पूर्ण समता नांदत असते. ती ही की, ताट, काटा आणि सुरी यांची कसलीही भीडमुर्वत न ठेवता प्रत्येकजण दीडएक पौंड वजनाची, तांबूस तपकिरी वर्णाची आणि धुराचा वास मारणारी टर्कीची तंगडी मुठीत धरून दातांनी तोडीत असतो. जुने राजे असेच जेवीत, अशी येथील लोकांची प्रामाणिक समजूत आहे, आणि 1933 सालच्या बोलपटात चार्ल्स लॉटन या नटाने आठव्या हेन्रीच्या भूमिकेत भर दरबारात पाखरू हाताने फाडून खाल्ले तेव्हापासून ती समजूत दूर करणे इतिहासकारांच्या हाती राहिलेले नाही.

वस्तुस्थिती अशी की, टर्की हा पक्षी मूळचा याच खंडातील. मेक्सिकोच्या रहिवाशांनी तो माणसाळविला, स्पॅनिश लोकांनी तो सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात नेला, तेथून तो इंग्लंडात पोचला आणि सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांच्या गलबतांतून पुन्हा अटलांटिक ओलांडून आपल्या जन्मखंडात परत आला. मध्ययुगातील कोणत्याही युरोपीय राजाला त्याचे दर्शन होण्याचा संभवच नव्हता. एलिझाबेथ राणीच्या अमदानीत इंग्रजी मेजवान्यांत तो रुळला होता हे मान्य केले तरी खारवून, धुरी देऊन, रस्त्याने चालता चालता खावयाची तंगडी हा त्या राणीच्या मुदपाकखान्याचा नव्हे, तर गेल्या काही दशकांतील अमेरिकन जत्रांचा शोध आहे. कागदोपत्री पुराव्याचाच प्रश्न निघाला तर या पक्ष्यावर जहांगीर बादशहाचा हक्क अधिक शाबीत होतो, कारण त्याच्या हुकुमावरून गोव्यास गेलेल्या मुकर्रबखानाने तेथील बंदरात खरेदी करून 1612 साली दरबारात जे दुर्मीळ जिन्नस रुजू केले त्यांत टर्की होता, बादशहाने त्याचे सविस्तर वर्णन आपल्या आत्मवृत्तात नोंदविले, आणि उस्ताद मन्सूराने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही पाहावयास मिळते.

अशा जत्रांचा प्रारंभ 1963 साली लॉस एंजेलिसच्या परिसरात फिलिस पॅटर्सन नावाच्या एका शिक्षिकेने केला. पुढे तंगडीचा प्रसार राज्याराज्यांच्या कृषिजत्रांतून आणि डिस्नेच्या उद्यानांतून इतका झाला, आणि तिचा आकार लोकांच्या डोळ्यांत इतका भरला, की ही टर्कीची नसून एमू नावाच्या ऑस्ट्रेलियन पक्ष्याची असावी अशी अफवा उठली. अफवा निराधार आहे. जत्रेत विकली जाणारी तंगडी पूर्ण वाढलेल्या नराची असते आणि तो नर चाळीस पौंडांच्या घरात जातो, एवढेच त्या आकाराचे रहस्य.

मात्र या नराची हकीकत ऐकण्यासारखी आहे. येथील लोकांना पक्ष्याच्या छातीचे पांढरे मांस प्रिय असल्यामुळे पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या निवड करून ‘ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट’ नावाची अशी एक जात सिद्ध केली की, जिच्या छातीच्या भारामुळे तिला नैसर्गिक समागमही साधत नाही आणि वंशवृद्धीसाठी कृत्रिम रेतनाचा अवलंब करावा लागतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, 1941 सालच्या कायद्याने मुक्रर झालेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला अख्खा पक्षी टेबलावर येतो खरा, परंतु यजमान मानाने कापून वाढतो ती छाती. वर्षभर पावाच्या कापांत भरली जाते तीही छातीच. मग उरलेल्या पायांचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रचंड प्रमाणावर चालणाऱ्या त्या धंद्यापुढे सदैव उभा असतो. त्यांतील पुष्कळ माल शेजारच्या मेक्सिकोस रवाना होतो, काहींचा खिमा होतो, आणि काही तंगड्या वाण्याच्या शीतकपाटात अल्प किमतीत पडून असतात. तेव्हा राजेशाही खाद्य म्हणून जत्रेत मिरविणारी वस्तू ही वस्तुतः छातीच्या व्यापारातील शिल्लक होय. आणि मला विचाराल तर चव छातीत नसून त्या शिलकीतच आहे. टर्की दिवसभर चालतो आणि क्वचितच उडतो. सतत राबणाऱ्या स्नायूंना प्राणवायू साठविणारे मायोग्लोबिन हे द्रव्य अधिक लागते, म्हणून पायाचे मांस काळसर, रसाळ आणि चवदार असते. छाती मात्र जरा आच अधिक लागली की कोरडी पडते.

जत्रेत खाल्लेली तंगडी घरी करून पाहण्याची इच्छा झालेल्या अमेरिकन गृहस्थापुढे पहिली अडचण येते ती विस्तवाची. येथील घरांतून अग्नीला रीतसर हद्दपार करण्यात आले आहे. चूल विजेची, किंवा फार तर गॅसची. छताला धुराची वर्दी देणारे यंत्र बसविलेले, ते करपलेल्या पावाच्या तुकड्यावरूनही सारे घर डोक्यावर घेते. लाकडी बांधणीमुळे विमा कंपनीपासून अग्निशामक दलापर्यंत सर्वांचा कटाक्ष या एकाच शत्रूवर. आणि अशा रीतीने घराबाहेर घालविलेल्या त्या अग्नीला हेच लोक परसदारी, पदरचे दाम मोजून, मोठ्या सन्मानाने परत बोलावितात. या पुनरागमनाला उद्योगधंद्यांचाही हातभार लागला आहे. मोटारींच्या कारखान्यातील लाकडाचे तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून हेन्री फोर्डने 1920 नंतर त्यांच्या कोळशाच्या वड्या पाडण्याची तजवीज केली, त्या वड्या मोटारींच्या दुकानांतून विकल्या, आणि त्याच धंद्याला पुढे किंग्जफर्ड हे नाव मिळाले. 1952 साली शिकागोजवळ, समुद्रातील तरते बोये बनविणाऱ्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने अशाच एका पोलादी गोलाचे दोन भाग करून एकाची शेगडी व दुसऱ्याचे झाकण केले. तीन पायांची ती काळी गोल शेगडी आज या देशातील उपनगरांत पाहावी तेथे उभी असते.

आमच्या शेजारचे गृहस्थ रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मितभाषी आणि धुराच्या विषयात अत्यंत कर्मठ आहेत. त्यांच्या हाताखाली मी ही विद्या पाहिली. कामाला प्रारंभ आदल्या दिवशी, किंबहुना त्याच्याही आदल्या दिवशी होतो. गॅलनभर, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाण्यात पेलाभर जाडे मीठ, अर्धा पेला तपकिरी साखर, मिरी, लसूण आणि तमालपत्राच्या जातीची वाळलेली पाने घालून ते उकळावयाचे, पूर्ण थंड करावयाचे, आणि त्यात तंगड्या बुडवून शीतकपाटात रात्रभर, शक्य तर पुरा दिवसभर, मुरत ठेवावयाच्या. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये, त्याने जंतू मोरीभर पसरतात, असा सरकारी कृषी खात्याचा हुकूम आहे, आणि आमच्या गृहस्थांचा सरकारवर विशेष विश्वास नसला तरी हा हुकूम ते पाळतात.

परंतु केवळ मिठाने जत्रेची चव येत नाही. त्या तंगडीला डुकराच्या खारवलेल्या मांडीची जी चव आणि हाडापर्यंत पोचलेला जो गुलाबी रंग असतो, त्याचे कारण सोडियम नायट्राइट. साध्या मिठात शेकडा 6.25 या प्रमाणात ते मिसळून, कोणी चुकून जेवणातील मीठ समजू नये म्हणून मुद्दाम गुलाबी रंगवून, ते ‘प्राग पावडर’ या नावाने विकले जाते. गॅलनामागे साधारण एक मोठा चमचा पुरतो, आणि अधिक घातल्यास ते विषच होय. पाण्यात पडल्यावर त्यापासून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मायोग्लोबिनाशी संयोग पावतो, म्हणून मांस शिजल्यावरही गुलाबी राहते; शिवाय मंद आचेवर तासन्तास ठेवलेल्या मांसात वाढू पाहणाऱ्या घातक जंतूंना त्याने अटकाव होतो. हे न जाणणारे पाहुणे पहिल्या घासाला आतील गुलाबी रंग पाहून तंगडी कच्ची राहिल्याची तक्रार करतात, आणि यजमानाला रसायनशास्त्रावर छोटेसे व्याख्यान देण्याची संधी मिळते. ही संधी कोणताही यजमान दवडीत नाही.

मुरलेल्या तंगड्या कोरड्या पुसून उघड्या जाळीवर काही तास शीतकपाटात ठेवल्या म्हणजे त्यांवर किंचित चिकट असा पापुद्रा धरतो आणि धूर त्याला चांगला बसतो. मग शेगडीच्या एका कडेला निखारे, दुसऱ्या कडेला तंगड्या, मध्ये पाण्याची थाळी, आणि निखाऱ्यांवर लाकडाचे दोनचार ठोकळे. लाकूड कोणते घ्यावे यावर येथे मतभेदच नव्हेत, पंथ आहेत: टेक्सासचे लोक उग्र मेस्कीट जाळतात, आमच्या मिसूरीत हिकरी आणि ओक यांचे वर्चस्व, पक्ष्याच्या मांसाला मात्र सफरचंदाचे किंवा चेरीचे सौम्य लाकूड शोभते असे जाणत्यांचे मत. राळ असलेले पाइनचे लाकूड सर्वांना निषिद्ध. धूर विरळ आणि निळसर निघाला पाहिजे. पांढरा, दाट धूर म्हणजे लाकूड कुढत जळत असल्याची खूण, आणि त्याचा कडूपणा मांसावर जो चढतो तो कोणत्याही मसाल्याने उतरत नाही. खालची व वरची झडप इवलीशी सरकवीत आच 225 ते 250 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापाने 107 ते 121 अंशांच्या दरम्यान, तीनएक तास टिकवून धरणे हीच सगळी कला. झाकण पुन्हा पुन्हा उघडून पाहणारा माणूस या कलेस अपात्र समजला जातो.

165 अंशांवर (74 सेल्सिअस) मांस खाण्यास निर्धोक होते. तेवढ्यावर छाती उतरवावी, तंगडी उतरवू नये. पायात संयोजक ऊती पुष्कळ असतात, आणि त्यांतील कोलॅजन विरघळून मांस मऊ होण्यास 175 ते 185 अंशांपर्यंत (सुमारे 80 ते 85 सेल्सिअस) धीर धरावा लागतो. तरीही एक गोष्ट कितीही धीराने मऊ होत नाही. टर्कीच्या पायातील कंडरा वयाबरोबर चुन्याने भरून हाडासारख्या कठीण होतात आणि खाणाऱ्याच्या दातांत सुयांप्रमाणे येतात. हौशी लोक घोट्याजवळ कातडी गोलाकार चिरून त्या पकडीने एकेक ओढून काढतात. शेवटी तंगड्या थेट निखाऱ्यांवर घेऊन मिनिटा-दोन मिनिटांत कातडी खरपूस करावयाची, कारण मंद धुरात ती रबरी राहते, आणि साखरेचा हात द्यावयाचा असेल तर तो याच वेळी, नाही तर ती जळून काळी पडते. आणखी किती वेळ लागेल असे विचारल्यावर आमचे गृहस्थ ‘झाली की कळेल’ एवढेच उत्तर देतात आणि तत्काळ खिशातील उष्णतामापक काढून तंगडीत खुपसतात.

या विधीच्या ठायी स्त्रीपुरुषांच्या कामाची जी वाटणी दिसते ती मोठी मासलेवाईक आहे. वर्षभर स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारा पुरुष परसात मात्र एप्रन बांधून बल्लवाचार्याच्या थाटात उभा राहतो, आणि शेजारपाजारचे पुरुष आपल्याकडील हुरड्याच्या आगटीभोवती जमावे तसे त्याच्याभोवती जमून निखाऱ्यांकडे पाहत बोलत राहतात. तंगड्यांचा गौरव त्याच्या वाट्यास येतो. बटाट्याची कोशिंबीर, शेंगांची उसळ, मक्याचा पाव आणि मागाहून घासावयाची भांडी यांची सरबराई आत कोणीतरी निमूटपणे करीत असते.

खरे जुनेपण शोधावयाचे तर ते बॉनर स्प्रिंग्जच्या राजापेक्षा या धुरातच सापडेल. दक्षिणेतील मळ्यांवर खड्डे खणून रात्रभर निखारे जागविण्याचे काम गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांवर पडले, ती विद्या त्यांच्या वंशजांनी उत्तरेकडे येताना आपल्याबरोबर आणली, आणि या शहरात 1908 साली तयार कपड्यांच्या पेठेतील एका बोळात हेन्री पेरी या कृष्णवर्णीय गृहस्थाने धुरावर शिजविलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकण्यास प्रारंभ केला, त्यातून कॅन्सस सिटीची आजची कीर्ती जन्मली. त्याच समाजाच्या घरांत आज कोलार्ड या जाड पानांच्या भाजीत डुकराच्या खुराजवळचे खारे मांस घालण्याऐवजी, प्रकृतीच्या किंवा धर्माच्या कारणाने, धुरावलेल्या टर्कीची तंगडी शिजविण्याचा रिवाज रूढ झाला आहे. तंगडीचा याहून सुज्ञ उपयोग मी पाहिलेला नाही: मांस भाजीत सुटते, कंडरा भांड्यातच राहतात, आणि भाजीच्या पाण्याला जो स्वाद येतो त्यात मक्याचा पाव बुडवून खाताना जत्रेची आठवणही होत नाही.

आमच्याकडील तरुण मराठी कुटुंबे बहुधा भाड्याच्या गाळ्यांत राहतात, आणि लाकडी सज्जात किंवा इमारतीपासून दहा फुटांच्या आत कोळसा पेटविण्यास अग्निसुरक्षेच्या नियमांनी मनाई असल्यामुळे त्यांना सार्वजनिक उद्यानांतील खांबावर बसविलेल्या लोखंडी शेगड्यांचाच आसरा घ्यावा लागतो. तेथे एका जाळीवर शाकाहारी मंडळींची कणसे व पनीर आणि दुसरीवर इतरांचे मांस, असा बंदोबस्त चांदीच्या कागदाच्या साहाय्याने काटेकोरपणे ठेवला जातो. तीन तास झाकण लावून धूर कोंडण्याची सोय त्या उघड्या शेगड्यांना नाही, आणि जत्रेतून परतलेली मुले तर तंगडीचाच हट्ट धरून बसलेली. म्हणून ती घरच्या ओव्हनमध्ये पूर्ण शिजवून, आले-लसूण, तिखट आणि लिंबू यांचा हात देऊन आणतात आणि निखाऱ्यांवर केवळ कातडी खरपूस करून घेतात. आमच्या शेजारच्या गृहस्थांना हा प्रकार मंजूर होणार नाही, परंतु धुराची उणीव तिखटाने पुष्कळशी भरून निघते.