वचन देताना वाद्यं थांबतात

मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं संपतं, अंतरपाट खाली येतो आणि वाजंत्र्यांचा एकच कल्लोळ होतो. लग्न लागलं हे मराठी माणसाला आधी कानांनी कळतं. म्हणूनच वसईच्या एखाद्या चर्चमध्ये लग्नाची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, पहिल्यांदाच अनुभवणारा पाहुणा नेमक्या मोक्याच्या क्षणी चकित होतो. प्रवचन संपलेलं असतं. वधूवर एकमेकांचा उजवा हात हातात घेतात. आतापर्यंत भरभरून गाणारा कॉयर गप्प, कीबोर्ड गप्प. माइकवरून ऐकू येतात ती फक्त दोन माणसांची, किंचित कापऱ्या आवाजातली वाक्यं. लग्न लागतं ते त्या वाक्यांनी.

यामागची शिकवण विलक्षण आहे. लॅटिन परंपरेतल्या कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार विवाहाचा संस्कार एकमेकांना देतात ते स्वतः वधूवरच. फादर ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती स्वीकारतात. लग्न लावतात ती ही दोघं. तेव्हा ते शब्द साक्षीदारांना आणि शेवटच्या बाकावरच्या आजीलाही स्वच्छ ऐकू आले पाहिजेत. विवाहविधीची सुधारित आवृत्ती १९९० साली निघाली. तिच्यात संमतीनंतर लगेच जमलेल्या सर्वांनी देवाची स्तुती करण्याची जागा आहे, आणि ती स्तुती गाताही येते. लग्न लागल्यावर पहिला सूर उमटावा तो बाकांवरच्या माणसांच्या कंठातून, अशी ही योजना.

एवढं कळलं की लग्नाची गाणी निवडण्याचा सगळा नूरच पालटतो. ‘आम्हाला कुठलं गाणं आवडतं?’ या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न येऊन उभा राहतो: ‘या क्षणी वेदीपाशी काय घडतंय?’ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. गायन हा उपासनेचा अविभाज्य भाग आहे आणि गीतांचे शब्द मुख्यतः बायबल व उपासनेच्या ग्रंथांतून यावेत, असं त्यात म्हटलं आहे. लोकांच्या आपापल्या संगीतपरंपरांना योग्य तो मान द्यावा, असंही तोच दस्तऐवज सांगतो. तोवर वसईतली मिस्साही लॅटिनमध्येच होत असे. नंतर ती मराठीत आली, आणि वेदीपुढची गाणी माणसं आपल्या भाषेत गाऊ लागली.

आता मिस्साच क्रमाने पाहू. प्रवेशगीत चालतं तोवर माणसंही चालत असतात, म्हणून त्याला पावलांची लय हवी. पहिल्या वाचनानंतर स्तोत्र येतं. विवाहासाठी नेमून दिलेली स्तोत्रं आहेत: ३३, ३४, १०३, ११२, १२८, १४५ आणि १४८. त्यातलं १२८ वं तर भरल्या घराचं चित्रच आहे; त्यात गृहिणीला द्राक्षवेलीची उपमा आहे आणि पंगतीला बसलेल्या मुलांना जैतुनाच्या रोपांची. शुभवर्तमानाआधी आलेलुया, पण उपवासकाळात आलेलुया गायचाच नसतो आणि वाद्यं वाजली तरी फक्त गाण्याला आधार देण्यापुरती. त्या दिवसांत लग्नं सहसा टाळतात. अर्पणगीत, मग ‘पवित्र, पवित्र’चा घोष. हा घोष यशया संदेष्ट्याच्या दृष्टान्तातून आला आहे. स्वर्गातल्या दूतांचं ते गाणं. वसईतल्या चर्चमध्ये जमलेले मामा-मावश्या त्या घोषात स्वर्गदूतांच्या सुरात सूर मिळवत असतात, अशी श्रद्धा आहे! प्रभूच्या प्रार्थनेनंतर फादर वधूवरांवर आशीर्वादाची दीर्घ प्रार्थना म्हणतात, तेव्हा वाद्यांनी पुन्हा थांबायचं. पुरोहिताच्या प्रार्थनेखाली वाद्य वाजू नये, असा नियमच आहे. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी सगळे उठून रांगेने जातात, म्हणून तिथे पुस्तकाविना म्हणता येईल असं सोपं ध्रुवपद बरं पडतं.

वाद्यसंगीताला मुळात शब्दच नसतात, त्यामुळे तिथे थोडी मोकळीक मिळते. जगभर वधूच्या प्रवेशाला वाजणारा योहान पाखेलबेलचा ‘कॅनन’ हा त्यातला सर्वांत नवलाईचा नमुना. खालच्या अंगाला आठच स्वर आहेत. आपल्या सरगमीत मांडले तर: सा प ध ग म सा म प. हे आवर्तन अठ्ठावीस वेळा, एक स्वरही न बदलता येतं. त्यावर तीन व्हायोलिनं एकच चाल वाजवतात. दुसरं पहिल्याच्या एक आवर्तन मागून सुरू होतं, तिसरं आणखी एक आवर्तन मागून. एकच चाल स्वतःच्याच पाठीमागून येत राहते आणि तरी कुठे खटकत नाही, कारण तिचा प्रत्येक तुकडा त्याच आठ स्वरांशी जुळेल असा बेतलेला आहे. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने तर हे वरदानच. वधू झपझप चालो की वडिलांचा हात धरून रेंगाळत येवो, ती वेदीशी पोचली की चालू आवर्तन पुरं करायचं आणि शेवटच्या पंचमावरून षड्जावर येऊन थांबायचं. तुटल्यासारखं वाटतच नाही. पाखेलबेल १७०६ साली वारला. ही रचना छापली गेली १९१९ मध्ये, आणि घराघरांत पोचली ती फ्रेंच वाद्यवृंदसंचालक झाँ-फ्रान्स्वा पायार याच्या १९६८ च्या ध्वनिमुद्रणानंतर. आपल्याला शतकानुशतकांची वाटणारी लग्नाची ही चाल लग्नमंडळींच्या ओळखीची झाली ती अगदी अलीकडे.

बाकीच्या प्रसिद्ध चालींचा पूर्वेतिहासही असाच थक्क करणारा आहे. वधू येताना जी धून सिनेमांत हमखास ऐकू येते ती रिचर्ड वाग्नरच्या ‘लोहेन्ग्रिन’ या ऑपेरातली. त्याचा पहिला प्रयोग २८ ऑगस्ट १८५० रोजी वायमारमध्ये फ्रान्झ लिस्टच्या संचालनाखाली झाला. ऑपेरात हे समूहगान लग्न लागून गेल्यावर, जोडप्याला शयनगृहाकडे नेताना येतं, आणि त्याच अंकात ते लग्न मोडतं. समारोपाला वाजणारं मेंडेल्सनचं ‘वेडिंग मार्च’ हे शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’साठी १८४२ मध्ये लिहिलेलं नाट्यसंगीत. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या लेकीच्या लग्नात, १८५८ साली, ते वाजलं आणि त्याची प्रथाच पडली. दोन्ही चाली सुंदर आहेत, पण त्या रंगभूमीसाठी जन्मल्या. म्हणून अनेक धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशमध्ये, फादर त्यांना प्रेमाने नकार देतात.

गायल्या जाणाऱ्या चालींचंही तसंच. शूबर्टचं ‘आवे मारिया’ १८२५ चं. मूळचे शब्द वॉल्टर स्कॉटच्या काव्यातल्या एलेन या तरुणीने मारियामातेला घातलेल्या सादेचे. चर्चमधली लॅटिन प्रार्थना त्या चालीवर नंतर बसवली गेली. गूनोच्या ‘आवे मारिया’ची कथा तर आणखी अद्भुत. बाखने १७२२ साली चोवीसही स्वरपट्ट्यांमधल्या रचनांचा संग्रह सिद्ध केला. त्यातल्या अगदी पहिल्या प्रेल्यूडवर शार्ल गूनोने १८५३ मध्ये एक नवी चाल तरंगती सोडली आणि १८५९ मध्ये तिला प्रार्थनेचे शब्द मिळाले. लुथरपंथी जर्मन वादकाची साथ आणि फ्रेंच कॅथलिकाचं गाणं, मध्ये शतकाहून मोठं अंतर, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की दोघे शेजारी बसून वाजवताहेत. मारियामातेच्या पुतळ्यापुढे वधूवर फुलं वाहतात, त्या वेळी ते गाणं शोभून दिसतं.

मग हे सगळं स्पीकरवर लावून दिलं तर? रोमने १९५८ साली दिलेल्या सूचनांत ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर यांना उपासनेत मज्जाव केला होता. कारण साधं आहे: प्रार्थना तिथे हजर असलेल्या माणसाने करायची असते. धर्मग्रामातल्या मुलीने गायलेलं, एखाद्या सुरात हललेलं स्तोत्र जगप्रसिद्ध गायिकेच्या ध्वनिमुद्रणाहून तिथे मोलाचं ठरतं, आणि मला हा न्याय फार आवडतो.

आवडीच्या बाकी गाण्यांनाही त्या दिवशी हक्काची जागा असते, फक्त ती घरात आणि मांडवात. उत्तर कोकणातल्या ईस्ट इंडियन या कॅथलिक समाजाच्या घरांत लग्नाआधी ‘उंबराचं पाणी’ आणायला वाजतगाजत जातात. गोव्यात रोसाच्या वेळी वधूवरांना नारळाचं दूध लावताना झोती म्हणतात, मांडो रंगतो, घुमट घुमतं. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायपीठाने, १७३६ च्या फर्मानात लग्नघरातल्या अशा लोकगीतांवर आणि चालीरीतींवर बंदी घातली होती. बायकांनी ती गाणी गळ्यात जपली. फर्मान इतिहासात जमा झालं आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसावाद्य म्हणून मान दिला. हिंदी सिनेमातलं लाडकं गाणंही रेसेप्शनला दणक्यात वाजू द्यावं.

तेव्हा लग्न ठरलं की हॉलच्या पाठोपाठ कॉयरच्या प्रमुखांना भेटावं. तारीख कुठल्या उपासनाकाळात येते ते पाहावं, यादी फादरांना दाखवावी आणि प्रत्येक गाण्यापुढे ते नेमकं कधी येणार हे लिहावं. निदान दोन गाणी तरी अशी असावीत की ती सगळ्या चर्चला तोंडपाठ आहेत. त्यात एक मोठा लाभ दडलेला आहे. त्या एका दिवसासाठी शोधून आणलेलं अनोखं गाणं पुढे बहुधा व्हिडिओतच राहतं. धर्मग्रामाच्या नेहमीच्या वहीतलं स्तोत्र मात्र साध्या रविवारी पुन्हा गायलं जातं, पुतण्याच्या बाप्तिस्म्याला येतं, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाही येतं. भांडून घराबाहेर पडलेल्या एखाद्या रविवारीही ते कॉयर सुरू करतो, आणि दोघांना शेजारी उभं राहून ते म्हणावंच लागतं. लग्नाला गाणं निवडायचं ते एवढा लांबचा विचार करून.