धार टिकेल, पण हातातून निसटला तर?

घर सोडून फ्लॅटवर राहायला गेलात की पहिल्याच महिन्यात कुकर, चाकू आणि पीलर या तीन वस्तू घ्याव्याच लागतात. कुकर घेताना चार जणांना विचारलं जातं, चाकूची धार बोटावर टेकवून पाहिली जाते. पीलर मात्र बिल करता करता टोपलीत टाकला जातो. आई ज्याला सोलाणं म्हणते, तोच हा. दोनेक सेमिस्टर गेली की तो गाजरावरून नुसता घसरायला लागतो आणि दुधीची साल काढताना निम्मा दुधी सालीबरोबर कचऱ्यात जातो. अशा वेळी फोनवर स्क्रोल करताना समोर येतो पांढऱ्याशुभ्र पात्याचा सिरॅमिक पीलर. गंजणार नाही, धार जाणार नाही, फळं काळी पडणार नाहीत, असं सगळं त्यावर लिहिलेलं असतं. वाचायला भारी वाटतं. पण पैसे भरण्याआधी जरा थांबा आणि यातलं खरं किती ते बघू या.

कपबशीचं सिरॅमिक नव्हे

सिरॅमिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चहाचा मग येतो. पीलरचं पातं मात्र झिर्कोनियाचं, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडचं असतं. त्याची बारीक पूड साच्यात दाबतात, मग १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजतात आणि शेवटी हिऱ्याची पूड लावलेल्या चाकावर धार काढतात. दातावर बसवायची पांढरी कॅपसुद्धा याच झिर्कोनियाची बनते. जपानमधल्या क्योटोत १९५९ साली काझुओ इनामोरी यांनी सुरू केलेल्या क्योसेरा कंपनीने १९८०च्या दशकात याच पदार्थाचे चाकू स्वयंपाकघरात आणले. पीलर हा त्याच कुटुंबातला.

आता शाळेतल्या विज्ञानातला एक भाग आठवा. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्स मापनात हिऱ्याला १० गुण आहेत. चाकूचं पोलाद साधारण साडेपाच ते साडेसहाच्या घरात येतं, तर झिर्कोनिया साडेआठच्या आसपास. म्हणून त्याची धार सहजासहजी झिजत नाही. जाहिरातीतला हा दावा खरा आहे.

पण कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. स्टीलवर जोर पडला की ते वाकतं, सिरॅमिकवर पडला की त्याचा टवका उडतो. नाही म्हणायला झिर्कोनिया बाकीच्या सिरॅमिकपेक्षा बराच चिवट आहे. त्यात भेग पडायला लागली की भेगेच्या टोकाशी असलेले कण आपली रचना बदलतात, किंचित फुगतात आणि भेगेलाच दाबून धरतात. १९७५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात यावर आलेल्या शोधनिबंधाचं शीर्षकच ‘सिरॅमिक स्टील?’ असं होतं. त्यातलं प्रश्नचिन्ह मात्र लक्षात ठेवा. पोलादाइतका मार हे पातं अजूनही खात नाही.

जमेच्या बाजू

पहिली गोष्ट, पीलरला धार कोण लावतं? सायकलवर चाक फिरवत ‘धाSSर’ ओरडत येणाऱ्या काकांकडे आपण चाकू देतो, सुरी देतो, विळीसुद्धा देतो. पीलर घेऊन कुणी खाली जात नाही. तो बोथट झाला की थेट नवीन येतो. त्यामुळे जास्त काळ टिकणाऱ्या धारेचा फायदा चाकूपेक्षा पीलरमध्ये जास्त जाणवतो.

दुसरी गोष्ट, चाकूने आपण नारळाच्या वाटीतलं खोबरं उचकटतो, डबा उघडतो, कधी फ्रीजरमधला बर्फही फोडतो. सिरॅमिक पात्याचा जीव अशा कामांतच जातो. पीलरकडून आपल्याला फक्त साल काढून हवी असते. म्हणजे मुळातच या पात्याला पीलरची नोकरी चाकूच्या नोकरीपेक्षा जास्त मानवते.

तिसरी गोष्ट, ते गंजत नाही आणि आंबट पदार्थांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. लोखंडी विळीवर कैरी चिरली की फोडीही काळपट होतात आणि विळीही. सिरॅमिकला ते टेन्शन नाही. अर्थात चांगल्या स्टेनलेस स्टीललाही फारसं नसतं. शिवाय धार चांगली असल्याने साल पातळ निघते आणि व्हिडिओ कॉलवर ‘अगं, किती जाड साल काढतेयस!’ हे ऐकावं लागत नाही.

फळं काळी पडत नाहीत?

या दाव्यावर पटकन विश्वास ठेवू नका. सफरचंद किंवा बटाटा काळपट पडतो तो गंजामुळे नाही. साल काढताना पेशी फुटतात, त्यातलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात येतं आणि रंग बदलतो. धारदार पात्याने पेशी कमी चेंगरतात, त्यामुळे हा बदल थोडा हळू होऊ शकतो. पण तो थांबत नाही, आणि ही करामत धारेची आहे. स्टीलच्या नव्याकोऱ्या पीलरलाही ती जमते. सफरचंदाला लिंबू चोळा, बटाटा पाण्यात टाका. आजीची ही युक्ती आजही फुकट आहे.

आणि तोटे

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपली फरशी. ओट्यावरून स्टीलचा पीलर पडला तर आवाज होतो, सिरॅमिकचा पडला तर पात्याचा टवका उडू शकतो किंवा पातंच तुटू शकतं. दुसरा शत्रू बेसिन. पीलर आत पडलेला आहे आणि वरून कुकरचं झाकण आदळलं, हे दृश्य चार जणांच्या फ्लॅटवर रोजचंच आहे. तिसरा शत्रू आपली सवय. पात्याच्या टोकाने बटाट्याचे डोळे उकरले, पातं तिरकं करून पिळलं, की त्याच्या नाजूक कडेवर नको तो ताण येतो.

इथे प्रश्न फक्त पैशांचा उरत नाही. पातं पांढरं, त्याचा टवकाही पांढरा. तो मुळ्याच्या किंवा दुधीच्या किसात पडला तर दिसणार कसा? म्हणून वापरताना पात्याची कड तुटलेली दिसली तर सोललेली भाजी टाकून द्या. ‘धुऊन घेऊ, काही होत नाही’ म्हणू नका. तुकडा शोधत बसण्यापेक्षा एक दुधी वाया गेलेला परवडतो. तुटलेला पीलर जाड कागदात गुंडाळा, वर चिकटपट्टी लावा आणि सुक्या कचऱ्यात देताना आत धारदार वस्तू असल्याचं सांगा. आपला कचरा वेगळा करणाऱ्या ताईंचे हात उघडेही असू शकतात.

जुनं स्टीलचं सोलाणं भंगारवाला घेतो. प्लॅस्टिकच्या मुठीतलं सिरॅमिक पातं तो तसंच परत करेल. त्याला पुन्हा धार लावायची तरी हिऱ्याची पूड असलेलं साधन लागतं. सायकलवाल्या काकांच्या चाकावर टवके उडण्याचीच शक्यता जास्त.

भाजी कोणती, हेही बघा

काकडी, गाजर, बटाटा, दुधी, बीट, कैरी यांच्यावर सिरॅमिक पीलर मस्त चालतो. गाजर-बीटाचा रंग पात्यावर थोडा धरला तरी घाबरू नका, तो गंज नव्हे. लाल भोपळा, सुरण, कच्चा फणस यांच्या वाटेला मात्र त्याला पाठवू नका. तिथे विळी किंवा जाड सुरीच हवी. आल्याची साल चमच्याने खरवडली तरी निघते. दोडक्याच्या शिरा काढल्यात तर त्या फेकू नका, तीळ घालून परतलेली त्यांची चटणी भाकरीबरोबर जाम भारी लागते. आणि प्रत्येक वेळी साल काढायलाच हवी असंही नाही. नीट घासून धुतलेली काकडी किंवा गाजर सालीसकट खाल्लं तर चोथा पोटात जातो आणि पीलरही निवांत पडून राहतो.

मग घ्यायचा का?

याचं उत्तर पीलरपेक्षा तुमच्या स्वयंपाकघरात दडलंय. एकटे राहत असाल, वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय असेल आणि रोज भाजी करत असाल, तर सिरॅमिक पीलर घ्या. बरीच वर्षं हलक्या हाताने साल काढता येईल. पण चार रूममेट्स, एक ओटा आणि ‘आज भांडी कोणाची?’ हा रोजचा वाद असेल, तर स्टीलचा पीलरच बरा. त्यात कमीपणा काही नाही. स्वित्झर्लंडचा ‘रेक्स’ पीलर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी आणि एक साधं धातूचं पातं. १९४७ पासून तो विकला जातोय आणि २००४ मध्ये तिथल्या पोस्टाने त्याचं तिकीटही काढलं. इंग्रजी वाय आकाराची अशी रचना निवडलीत तर डावखुऱ्या रूममेटचीही सोय होते.

सिरॅमिकच घ्यायचं ठरलं तर पाकिटावर ‘झिर्कोनिया’ शब्द शोधा. नुसता पांढरा रंग किंवा ‘सिरॅमिक कोटिंग’ म्हणजे आत धातूच असू शकतो. चुंबक लावून बघा. चिकटलं तर धातू नक्की. नाही चिकटलं म्हणून लगेच सिरॅमिक समजू नका, कारण काही स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटत नाही. पात्याला टोपी मिळत असेल तर तोच पीलर निवडा. वापर झाला की लगेच नळाखाली धुवा आणि टोपी लावून ठेवा. बेसिनमध्ये तर टाकूच नका.

आणि हो, फ्लॅटवर नवा पीलर आला की पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवा, त्याची जागा ठरवा. बटाट्याचे डोळे काढायला चाकू घ्यायचा, हेही तेव्हाच सांगून टाका. घेणारा एक आणि वापरणारे चार असतील, तर पीलर किती टिकेल हे त्या चौघांवरच ठरणार आहे.