मांडवाविना उत्सव : दादर-माटुंग्याच्या झाडांचा आणि घरांचा

वस्तीचा वारसा साजरा करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत गाडी मांडव, प्रमुख पाहुणे आणि बटाटेवड्यांवर येते. वर्गणीतला मोठा वाटा डेकोरेटर आणि साउंडवाला घेऊन जातात. ज्या घरांसाठी आणि झाडांसाठी एवढा घाट घातला, त्यांच्याकडे पाठ करून लोक दोन तास खुर्चीत बसतात आणि भाषणं ऐकून घरी जातात. दादर पूर्व आणि माटुंग्यात तर ही शुद्ध उधळपट्टी. तिथलं प्रदर्शन शंभर वर्षांपासून रस्त्यावरच मांडलेलं आहे. लोकांना ते चालत दाखवायचं, एवढंच आयोजकांचं काम.

प्लेगनंतरची मुंबई

१८९६ साली मांडवीत प्लेगचा पहिला उद्रेक झाला आणि जुन्या मुंबईतली दाटी किती जीवघेणी आहे ते सरकारला कळून चुकलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या मोकळ्या करायच्या आणि उत्तरेला नव्या वसाहती आखायच्या, असं दुहेरी काम त्याच्याकडे आलं. ट्रस्टची पाचवी योजना दादर-माटुंग्याची, सहावी शीव-माटुंग्याची. रुंद रस्ते, दोन इमारतींत अंतर, कडेला झाडं आणि मधूनमधून बागा हे सगळं हवा-उजेडासाठी होतं. त्यामागे आरोग्याचा विचार होता. देखणेपण त्यातूनच आलं.

ट्रस्टमधले अभियंते मंचेरजी एदलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी इथे १०३ भूखंड राखून घेतले आणि पारशी कॉलनी उभी राहिली. इमारती दोन मजल्यांच्या वर न्यायच्या नाहीत, हा तिथला सुरुवातीचा दंडक. रस्त्यारस्त्यावर झाडं लावली गेली. तिथल्या फाइव्ह गार्डन्स या बागांना आज जोशींचंच नाव आहे. विशेष म्हणजे या कॉलनीला कुंपणाची भिंत नाही. कुणीही सरळ चालत जावं.

लागूनच हिंदू कॉलनी. तिथलं ‘राजगृह’ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात बांधलेलं घर. आपल्या प्रचंड ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा हवी, हा त्यामागचा एक मोठा विचार. जवळच पूर्वीची किंग जॉर्ज शाळा, म्हणजे आताचं राजा शिवाजी विद्यालय. थोडं पुढे गेलं की माटुंग्यात दाक्षिणात्य मंडळींची देवळं, मोगऱ्याच्या माळा आणि फिल्टर कॉफी. इतकं सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात आहे.

घर आणि झाड दोन्ही एकाच आराखड्यातून आली आहेत. त्यामुळे ‘हेरिटेज समिती’ वेगळी आणि ‘पर्यावरण समिती’ वेगळी, ही वाटणी सुरुवातीलाच टाळावी.

आधी अल्बम उघडा

तयारीची सुरुवात कपाटातल्या अल्बमपासून करावी. गॅलरीत काढलेला लग्नाचा फोटो, मुंजीची वरात, शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी उभी राहिलेली मुलं. फोटो माणसांचे असले तरी मागे कुठे ना कुठे झाड असतंच. मागच्या बाजूला तारीख लिहिलेली असली तर त्या साली झाडाची फांदी कुठल्या मजल्याला टेकली होती, हेही कळतं.

याचा उपयोग आठवणींपुरता नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५चा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. असं झाड तोडायचं तर भरपाई म्हणून त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची तरतूद आहे. म्हणजे वयाला किंमत आली. पण झाडाचा जन्मदाखला नसतो. वय अंदाजानेच ठरतं. तारीख असलेला घरगुती फोटो त्या अंदाजाला भक्कम आधार देतो. म्हणून कॉलेजच्या दोन-चार मुलांना स्कॅनर घेऊन घरोघर पाठवावं. फोटो तिथल्या तिथे स्कॅन करून परत द्यावा. कुणाचा अल्बम घराबाहेर नेऊ नये.

तारीख कुठली?

हॉल कधी मिळतो ते पाहण्याआधी काय फुललंय ते पाहावं. एप्रिल-मे महिन्यांत बहावा, गुलमोहर आणि सोनमोहर रस्ता रंगवतात. आपलं राज्यफूल ताम्हण त्याच सुमाराला फुलतं. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिनही तेव्हाच येतो. अडचण उन्हाची आणि परीक्षांची. पावसाळ्यात छत्र्यांच्या गर्दीत कुणी मान वर करत नाही.

नोव्हेंबर बरा. हवा बरी असते आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताहही असतो. शिवाय बूच फुलण्याचे हे दिवस. त्याची लांब देठांची पांढरी फुलं रात्री उमलतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. फुलाची नळी एवढी लांब असते की दोऱ्याशिवाय, देठात देठ गुंफून वेणी होते. ही वेणी येणाऱ्या एक-दोन आज्या वस्तीत नक्की सापडतील. प्रमुख पाहुण्यांचा मान त्यांना द्यावा. ६ डिसेंबरच्या, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या आसपासचे दिवस मात्र टाळावेत. चैत्यभूमीवर आणि राजगृहावर तेव्हा लाखोंची रीघ असते. पोलीस आणि पालिका दोघांचेही हात भरलेले असतात.

फेरीची आखणी

खोदादाद सर्कलपासून हिंदू कॉलनी, तिथून पारशी कॉलनी आणि शेवटी फाइव्ह गार्डन्स. थांबत थांबत दोन तास. सकाळी सातला निघावं. एका वाटाड्यामागे वीस-पंचवीसच माणसं असावीत. त्याहून जास्त असली तर मागच्यांना माइक लागतो, आणि माइक आला की सभा झालीच. थांबे सावलीत असावेत, निदान एकाजवळ स्वच्छतागृह असावं, आणि व्हीलचेअरला अडणाऱ्या उंच कडा आधीच हेरून ठेवाव्यात. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, हे निघण्यापूर्वी सांगून ठेवावं.

प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट जवळून दाखवावी. तीस-चाळीसच्या दशकांतल्या एखाद्या इमारतीच्या जिन्यात शिरलं तर मोझेकच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या दिसतात, कठड्याच्या लोखंडी जाळीत उगवत्या सूर्याचे किरण दिसतात, आणि बाहेर गोलाकार गॅलरीवरून छज्जा वळत गेलेला दिसतो. आर्ट डेको शैलीवर व्याख्यान देण्यापेक्षा त्या कठड्यावरून एकदा हात फिरवू द्यावा. जिना रहिवाशांचा आहे, तेव्हा सोसायटीची परवानगी आधी घ्यावी.

परवानग्या आणि पथ्यं

हा भाग महापालिकेच्या एफ-उत्तर विभागात येतो. बागेतल्या कार्यक्रमासाठी उद्यान विभाग, रस्त्यावरच्या गर्दीसाठी स्थानिक पोलीस आणि वाहतूक पोलीस, असे अर्ज दीड-दोन महिने आधी द्यावेत आणि पोच घ्यावी. ध्वनिक्षेपक नसला तर एक परवानगी वाचते, आणि शाळा-रुग्णालयांभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्राचा प्रश्नही उरत नाही.

झाडाला खिळा ठोकायचा नाही, बॅनर बांधायचा नाही, दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या नाहीत. झाडाच्या नावाची पाटी लावायची तर ती सुती दोरीने सैल बांधावी आणि त्याच संध्याकाळी काढावी. बागेतल्या माळीकाकांना फेरीत बोलतं करावं. कुठल्या झाडाच्या बुंध्याला भुसा दिसतोय आणि कुठलं झाड मुळाशी काँक्रीट आल्यापासून वाळतंय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मानधनाचं पाकीट पाहुण्यांसाठी ठेवतो, तसं त्यांच्यासाठीही ठेवावं.

उत्सव संपल्यावर

स्कॅन केलेले फोटो, फेरीत करून घेतलेला झाडांचा नकाशा, मोजलेले खोडांचे घेर आणि माळीकाकांनी सांगितलेली दुखणी यांची एक फाइल करावी. एक प्रत विभाग कार्यालयात द्यावी, एक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. या भागात पुनर्विकासाचे फलक वाढतायत. उद्या एखाद्या खोडावर तोडणीची नोटीस चिकटली तर हरकत नोंदवायला मुदत थोडीच मिळते. तेवढ्यात झाडाचं वय शोधत बसायला वेळ नसतो. फाइल तयार असली तर त्याच दिवशी अर्ज देता येतो.