काळ्या मातीची वाट आणि चार चाकांची निवड

मृगाचा दमदार पाऊस पडून गेलेला असतो. लातूर किंवा नांदेड शहरात राहणारा शेतमालक सकाळी मोटार काढतो. औसा, अहमदपूर, लोहा किंवा मुखेडच्या रस्त्याने तासाभरात गावाशी पोहोचतो. डांबरी रस्ता संपतो आणि पाणंद सुरू होते. शेत तेथून जेमतेम एक-दीड किलोमीटर असते. पण तेवढ्या अंतरासाठी मोटार रस्त्याच्या कडेला उभी करावी लागते, पादत्राणे हातात घ्यावी लागतात आणि पोटरीपर्यंतच्या चिखलातून चालत जावे लागते. बियाणे आणि खताची पोती तर मागेच राहतात. पाणंद रस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. काही गावांच्या वाटा त्यातून मजबूत झाल्या, तरी अनेक शेतांना पावसाळ्यात आजही वाट नाही.

अशा वेळी मोबाइलच्या पडद्यावर दिसणारे एक वाहन मनाला भुरळ घालते. चार फुगीर चाके, मोटारसायकलसारखी बैठक, हातात हँडल आणि चिखल उडवीत सुसाट जाणारा चालक. हे वाहन म्हणजे 'ऑल टेरेन व्हेईकल', अर्थात एटीव्ही. त्याची किंमत काही लाखांच्या घरात जाते. म्हणूनच खरेदीपूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधणे आवश्यक ठरते. परदेशात विश्वासार्ह ठरलेले वाहन मराठवाड्याच्या काळ्या मातीतही तितकेच विश्वासार्ह ठरेल काय?

बर्फासाठी जन्मलेले वाहन

एटीव्हीची कहाणी १९७० मध्ये सुरू होते. होंडा कंपनीने त्या वर्षी अमेरिकेत कमी दाबाच्या मोठ्या टायरांचे एक तीनचाकी वाहन बाजारात आणले. हिवाळ्यात बर्फामुळे मोटारसायकलींची विक्री थंडावत असे. त्या दिवसांतही चालेल असे वाहन विक्रेत्यांना हवे होते. तीनचाकी वाहने वळणावर सहज उलटत. अपघात वाढत गेले आणि १९८८ मध्ये उत्पादकांना अमेरिकेत त्यांची विक्री थांबवावी लागली. तोपर्यंत सुझुकीने चारचाकी रूप आणलेले होते. पुढे अमेरिका आणि कॅनडातील शिकारी, गुरे पाळणारे शेतकरी आणि हिवाळी भटकंती करणारे हौशी लोक यांच्यात हेच रूप रुजले.

तिकडच्या खरेदीदाराला गोठवणाऱ्या थंडीत सुरू होणारे इंजिन, बर्फावर पकड घेणारी चाके आणि मारलेले सावज वाहून आणण्याची क्षमता हवी असते. मराठवाड्यात यांपैकी एकही गरज लागू होत नाही. येथे हिवाळा सौम्य असतो आणि उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे थंडीपेक्षा उष्णता आणि बर्फापेक्षा चिखल हीच येथील खरी परीक्षा ठरते.

शिकार नव्हे, राखण

शिकारीचा मुद्दा तर मुळातच निकाली निघालेला आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. या कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याप्ती अनेकांना ठाऊक नसते. प्राण्याला ठार मारणे एवढाच तिचा अर्थ नाही. त्याचा पाठलाग करणे, त्याला हाकून नेणे, सापळा लावणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेही त्या व्याख्येत बसते. म्हणजेच काळविटांच्या कळपामागे गंमत म्हणून वाहन पिटाळणेही गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकते. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीस किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

रानडुकरे आणि नीलगायी पिकांचा फडशा पाडतात, ही शेतकऱ्यांची व्यथा मात्र खरी आहे. किनवट, माहूर परिसरात आणि बालाघाटच्या डोंगररांगांलगत हरभरा, तूर, ज्वारीची राखण करणे म्हणजे रात्रीचा दिवस करणे होय. पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांबाबत वनविभागाकडे रीतसर अर्ज करता येतो आणि नुकसानभरपाईची सोयही आहे. राखणीसाठी वाहनाचा उपयोग एवढाच, की रात्री शेतात सुरक्षित पोहोचता यावे, दिव्याचा उजेड पडावा आणि झटका यंत्राची बॅटरी किंवा कुंपणाची तार नेता यावी. प्राण्यांमागे धावण्यासाठी ते वापरता येत नाही. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरील पैनगंगा अभयारण्यात तर परवानगीशिवाय प्रवेशही करता येत नाही. सहस्रकुंडच्या धबधब्यापर्यंत सहलीला गेलेल्यांनीही ठरलेला रस्ता सोडून रानवाटेवर वाहन घालणे टाळले पाहिजे.

काळ्या मातीचे दोन स्वभाव

गोदावरी, मांजरा आणि मन्याड यांच्या खोऱ्यांतील खोल काळ्या मातीत चिकण कणांचे प्रमाण मोठे असते. ही माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसाळ्यात ती टायरच्या नक्षीत भरते, टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत साचते आणि अखेर चाक फिरेनासे होते. मोटारसायकल चिखलात अडकते ती पुष्कळदा याच कारणाने. इंजिनाची ताकद तेथे कामी येत नाही. हिवाळ्यात हीच माती कडक ढेकळांची होते, उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात आणि राशीच्या दिवसांत तिची बारीक धूळ इंजिनाच्या श्वासात शिरते.

एटीव्हीचा खरा गुण येथे दिसतो. तिचे वजन साधारण ३०० ते ४०० किलो असते. टायर रुंद असतात आणि त्यांतील हवेचा दाब मोटारीच्या टायरच्या मानाने फारच कमी, चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका असतो. त्यामुळे वजन मोठ्या पृष्ठभागावर विभागले जाते. चाके कमी रुततात आणि जमीनही कमी दबते. याउलट जिम्नीसारखी हलकी जीपही सुमारे १,२०० किलोंची असते. थार त्याहून बरीच जड. फोर व्हील ड्राइव्ह असूनही ओल्या रानात अशी वाहने पोटावर टेकतात आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

मात्र प्रत्येक एटीव्हीत हा गुण नसतो. बाजारात कमी क्षमतेची, केवळ मागच्या चाकांना गती देणारी आणि साखळीवर चालणारी अनेक वाहने याच नावाने विकली जातात. पर्यटनस्थळी कोरड्या मैदानावर फेऱ्या मारण्यास ती पुरेशी असतात; ओल्या काळ्या मातीत त्यांची साखळी चिखल ओढून घेते आणि लवकर झिजते. शेतासाठी चारही चाकांना शाफ्टद्वारे गती मिळणे, हळू चालण्याचा स्वतंत्र 'लो' गिअर असणे आणि डिफरेन्शियल लॉकची सोय असणे ही किमान अट मानावी. साध्या आसावर घसरणाऱ्या चाकाकडेच शक्ती वाया जाते. लॉक केल्यावर दोन्ही चाके बरोबरीने फिरतात आणि एकाला तरी जमीन सापडते. टायरची नक्षी खोल आणि विरळ असावी, म्हणजे चिखल आपोआप झडतो. दाट नक्षीचा टायर काही मिनिटांत गुळगुळीत गोळा होतो.

नंबर प्लेटचा प्रश्न

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतांश एटीव्हींना आरटीओची नोंदणी मिळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. शेत रस्त्याच्या पलीकडे असले, तरी रस्ता ओलांडताना हा प्रश्न उभा राहतोच. अपघात झाल्यास विम्याचे संरक्षण नसते आणि भरपाईचा सारा भार मालकावर येतो.

येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. बजाज क्यूटसारख्या छोट्या मोटारींसाठी कायद्यात 'क्वाड्रिसायकल' हा वर्ग आहे आणि २०१८ मध्ये तिच्या खासगी वापराला मान्यता मिळाली. एटीव्हीला 'क्वाड बाइक' म्हणतात म्हणून ती त्या वर्गात बसते, असे काही विक्रेते सांगतात. ते खरे नाही. पोलारिस या अमेरिकी कंपनीने २०२० मध्ये ५६७ सीसीची एक एटीव्ही कृषी ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन भारतात विक्रीस आणली आणि नोंदणीचा मार्ग दाखवून दिला. म्हणून खरेदीदाराने तोंडी आश्वासनावर न थांबता त्याच मॉडेलचे मान्यता प्रमाणपत्र मागावे आणि पैसे भरण्यापूर्वी ते आपल्या आरटीओ कार्यालयात दाखवून घ्यावे.

विश्वासार्हता गॅरेजपासून सुरू होते

वाहन बिघडणारच, ते किती दिवसांत पुन्हा उभे राहते, यावर त्याची विश्वासार्हता ठरते. नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाई परिसरात ट्रॅक्टर आणि मोटारसायकलचे सुटे भाग सहज मिळतात, फिटरही हाताशी असतो. एटीव्हीचे तसे नाही. म्हणून विक्रेत्याला तीन भागांची नावे घेऊन प्रश्न विचारावेत.

पहिला भाग म्हणजे शक्ती चाकांकडे नेणारा रबरी पट्टा. बहुतेक मोठ्या एटीव्ही स्कूटरप्रमाणे पट्ट्यावर चालतात. जड ओझे घेऊन 'लो'ऐवजी 'हाय' गिअरमध्ये चिखल तुडवला, की हा पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो. त्याच्या पेटीत पाणी शिरले तरी तेच घडते. दुसरा भाग एअर फिल्टर. राशीच्या धुळीत तो वारंवार साफ करावा लागतो. तिसरा भाग म्हणजे चाकांच्या सांध्यांवरील रबरी टोपण. तूर किंवा कपाशीच्या धसकटाने ते फाटले, की आत माती जाऊन सांधाच निकामी होतो. हे तीन भाग कोठून येतात, किती दिवसांत येतात आणि कोण बसवतो, या प्रश्नांची ठोस उत्तरे मिळत नसतील, तर कितीही नामांकित वाहन येथे अविश्वसनीयच ठरेल.

येथील उन्हाचा विचार करता पंखा आणि रेडिएटर असलेले, पाण्याने थंड होणारे इंजिन बरे. पण रेडिएटरच्या जाळीत वाळलेला चिखल रोजच्या रोज धुऊन काढावा लागतो. जुने वाहन घेताना रंग पाहू नये. सीट उचलून एअर फिल्टरच्या पेटीत मातीचा थर किंवा पाण्याची खूण आहे का, ते पाहावे. आणि चाचणी शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर न करता, पावसानंतर दुसऱ्या दिवशी आपल्याच पाणंदीवर करावी.

उलटण्याचा धोका

एटीव्ही अरुंद आणि उंच असते. तिरप्या उतारावर, बांध ओलांडताना किंवा वेगात वळताना ती उलटू शकते आणि तीनशे-चारशे किलोंचे धूड चालकाच्या अंगावर येते. अमेरिकेत अशा वाहनांच्या अपघातांत दरवर्षी शेकडो माणसे दगावतात. फवारणीचे शंभर लिटर पाणी मागे बांधले, तर ते हिंदकळून तोल आणखी बिघडवते. एका व्यक्तीच्या बैठकीवर दोघांनी बसणे, हुरड्याच्या निमित्ताने शेतावर आलेल्या मुलांच्या हाती हँडल देणे, हेल्मेटशिवाय चालवणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या क्षमतेची एटीव्ही देऊ नये, असा इशारा उत्पादक स्वतःच देतात. डांबरी रस्ताही या वाहनाला सुरक्षित नाही. मऊ टायर तेथे चालकाला चकवतात.

मग घ्यावे काय?

निवडीची सुरुवात वाहनापासून न करता कामापासून करावी. केवळ एका माणसाला शेतात पोहोचायचे असेल आणि वाट मुरमाड असेल, तर पुढचे मडगार्ड उंच असलेली हलकी मोटारसायकल पुरते. कंधार, मुखेडच्या माळरानावर ती बाराही महिने चालू शकते. नांगरट, कोळपणी, फवारणी आणि पोती वाहणे ही सारी कामे हवी असतील, तर १५ ते २५ अश्वशक्तीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर अधिक शहाणपणाचा. त्याची नोंदणी होते, विमा मिळतो, फिटर गावात असतो आणि शासनाच्या यांत्रिकीकरण योजनांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, हीही जमेची बाजू.

एटीव्हीची जागा या दोहोंच्या मध्ये आहे. मोठी फळबाग, विखुरलेले पण आतल्या वाटेने जोडलेले क्षेत्र, रोजची देखरेख आणि रात्रीची पाण्याची पाळी असेल, तेथे ती उपयोगी पडते. हिशेब सोपा आहे. समजा, वाहन आठ लाखांचे आहे आणि दहा वर्षे टिकते. वर्षाला शंभर तास वापर असेल, तर इंधन आणि दुरुस्ती सोडूनही प्रत्येक तास आठशे रुपयांना पडतो. पाचशे तास वापर असेल, तर तोच तास एकशे साठ रुपयांवर येतो. वर्षातून चार वेळा शेतावर जाणाऱ्याने ते आठ लाख पाणंदीवर मुरूम टाकण्यासाठी शेजाऱ्यांबरोबर वर्गणी काढण्यात घातले, तर त्यातला मोठा भाग शिल्लकही राहील आणि वाट साऱ्या शिवाराची होईल.