टाळी केव्हा वाजवायची?

पाश्चात्त्य वाद्यवृंदाला चला म्हटले की आपली शिकलीसवरलेली मंडळीही मागे सरतात. कपडे कोणते घालायचे, टाळी केव्हा वाजवायची, लोक काय म्हणतील! बंधू-भगिनींनो, ही भीती संगीताची नाही, सभागृहाची आहे.

आम्ही ऑफिस सुटल्यावर डब्याच्या पिशवीसकट दक्षिण मुंबईतील एका सभागृहात बेथोव्हनची नववी सिंफनी ऐकली. तिकीट सर्वांत वरच्या बाल्कनीचे, म्हणजे सर्वांत स्वस्त. पण वरून सगळ्या व्हायोलिनचे गज एकदम खालीवर होताना दिसतात. पुढच्या महागड्या खुर्चीतून ते काय दिसणार? मागे गायकांच्या रांगा. सुमारे ७० मिनिटांच्या या रचनेत पहिला पाऊण तास हे गायक तोंडच उघडत नाहीत. मग चौथ्या भागात चेलो आणि डबल बास अगदी हळू एक साधी चाल धरतात. हळूहळू इतर वाद्ये ती उचलतात. नंतर एक पुरुष गातो आणि आपल्या गायन पार्टीत ओळ उचलावी तसा सारा कोरस उठतो. मायक्रोफोन नाही. आवाज थेट छातीवर येतो. कॅसेटवर हे आम्हाला कधीच कळले नव्हते. शब्द जर्मन, शिलर या कवीचे. आशय माणसामाणसांतील बंधुत्वाचा.

आता टाळीचे. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात ही सिंफनी प्रथम वाजली, तेव्हा बेथोव्हन बहिरा झाला होता. टाळ्या दिसाव्यात म्हणून कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला प्रेक्षकांकडे वळवले, असे सांगतात. त्या काळी लोक मधल्या भागांनंतरही खुशाल टाळ्या वाजवीत. गप्प बसण्याची शिस्त पुढची. आजचा रिवाज शेवटी टाळी वाजवण्याचा आहे; वाद्यवृंदाचा संचालक आपल्याकडे वळेपर्यंत थांबले की झाले.

आणि ही श्रीमंतांचीच मिरास आहे असे कोणी समजू नये. जपानमध्ये ती १ जून १९१८ रोजी बांदो येथील छावणीत जर्मन युद्धकैद्यांनी सादर केली. तिथे स्त्रिया नव्हत्या, म्हणून त्यांचे स्वर पुरुषांसाठी बदलून घेतले! ओसाकात १९८३ पासून डिसेंबरमध्ये सुमारे दहा हजार हौशी लोकांचा कोरस ती गातो. परकी भाषा, पण ही साधी माणसे तालमी करून शब्द पाठ करतात.

मुंबईत एनसीपीएचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली सुरू झाला. मुलांना न्यायचे असल्यास वयाची अट तिकीट खिडकीवर आधी विचारून घ्यावी.